खोट्या हाकेचा चहा

निमाताईला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हाही सूचना तीच देत होती. दुपारची वेळ होती. कोपरीतल्या आमच्या घरी आईला जेवायला वाढून ती पलंगाच्या कडेला बसली आणि मला म्हणाली, "सुधीर, तो टीव्ही बंद कर आणि नीट ऐक. माझा जबडा दुखतोय, घाम सुटलाय आणि हे पित्त नाहीये. अँब्युलन्सला मी फोन केलाय. खाली जा आणि त्यांना मागच्या जिन्याने आण. पुढच्या जिन्यात स्ट्रेचर वळणार नाही." भाजीवाल्याला पाव किलो गवार सांगावी तशा आवाजात हे सगळं. मी तिच्या चपला शोधत बसलो, जणू ती चालत जाणार होती. शेवटी माझी बायको मंगल खाली धावली. माणसं वर आली, ताईला पट्टे बांधले, आणि दारातून बाहेर नेता नेता ताईने माझा हात धरला. "आईची संध्याकाळची गोळी अर्धीच द्यायची. आणि रोज तिचे पाय बघत जा." मग थोडी हसली. "हे खोटं ठरलं ना, तर डॉक्टरांना चहा तू पाजायचास."

ते खोटं ठरलं नाही. संध्याकाळी ताई गेली. रुग्णालयात त्यांनी करण्यासारखं सगळं केलं, मी काचेतून बघत होतो. "तुम्ही वेळेत आणलंत," असं तिथल्या डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. मी नव्हतं आणलं. तिनेच स्वतःला आणलं होतं, अगदी वेळेत, आणि तरीही ती गेली. याचा मला अजून राग येतो. कुणाचा ते सांगता येत नाही, पण येतो. आणि राग ओसरला की मागे एकच काळजी उरते. नव्वदीला टेकलेल्या आमच्या आईचं काय दुखतंय, कशाला डॉक्टर बोलवायचा, कशाला नुसतं गरम पाणी द्यायचं, हे सगळं आजवर ताई ठरवायची. आता ते मी ठरवायचं होतं. मी निवृत्त होईपर्यंत वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथच्या मशीनवर काम केलं. लोखंडातलं मला कळतं.

ताई परिचारिका होती. आधी कल्याणच्या एका खासगी रुग्णालयात, मग ठाण्यात, आणि निवृत्त झाली ती वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. वर्तकनगरला एकटी राहायची, आणि तिच्या त्या दोन खोल्यांत कुंडीपासून कात्रीपर्यंत प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असायची. मी गेलो की मुद्दाम कात्री हलवून ठेवायचो. ती उचलून जागच्या जागी ठेवायची, मग मला चहा द्यायची.

तिच्या कामाची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीवरून आमच्या घरात महाभारत घडलेलं आहे. ड्यूटीवर आली की ती आधी फाइल बघायची नाही. प्रत्येक पेशंटच्या पायाशी उभी राहायची आणि चादरीखाली हात घालून त्याचं पाऊल धरायची. तळवा, बोटं, घोटा. मग चेहरा, श्वास, नाडी, आणि सगळ्यात शेवटी कागद. आता आपल्याकडे कुणी पायाला हात लावला म्हणजे काय समजतात ते सांगायला नको. तरुण पोरं पाय आक्रसून घ्यायची. "अहो सिस्टर, हे काय करताय, मी लहान आहे!" म्हाताऱ्या बायका डोक्यावर हात ठेवून भरभरून आशीर्वाद द्यायच्या. एका आजोबांनी तर उशीखालून दक्षिणा काढलेली. ताई आशीर्वाद घ्यायची, दक्षिणा परत करायची आणि पुढच्या कॉटकडे जायची. मी एकदा विचारलं, "बरा असलेल्या माणसाचे पाय कशाला धरतेस? आजाऱ्यांचे धर की." तर म्हणाली, "बरा असताना धरून ठेवले नाहीत, तर बिघडल्यावर काय कळणार? गार पाय म्हणजे आजार नव्हे रे. कुणाचे जन्मभर गार असतात. काल कोमट होते आणि आज गार लागतायत, तर थांबून बघायचं." हे मात्र मला लगेच पटलं. मशीन रोज ऐकणाऱ्यालाच त्याचा आवाज बदललेला कळतो, नवख्याला सगळी मशीनं सारखीच वाजतात.

महाभारत घडलं ते अण्णांमुळे. अण्णा म्हणजे आमचे वडील. चिपळूणकडचं गाव सोडून ते ठाण्यात आले, कारखान्यात लागले, आणि गावातून येताना एक गोष्ट मनाशी ठरवून आले की यापुढे आपल्या घरातलं कुणी कुणाच्या पायाशी वाकणार नाही. गावात वाकून वाकून त्यांच्या वडिलांचं काय झालं होतं ते त्यांनी पाहिलं होतं. आम्ही बौद्ध. विहारात वंदना करायची, पण माणसाच्या पायांना हात लावायचा नाही, हा घरचा नियम. ते स्वतःच्या पायांनाही कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. आणि ताई आमच्यातच राहत होती तेव्हा एके दिवशी ते तिचा विसरलेला डबा द्यायला म्हणून रुग्णालयात गेले, तर त्यांची शिकलेली, पांढऱ्या गणवेशातली मुलगी एका म्हाताऱ्याचे पाय धरून उभी, आणि तो म्हातारा तिच्याकडे बघून हात वर करतोय! अण्णा डबा घेऊन तसेच माघारी आले. डबा ओट्यावर आपटला. संध्याकाळी ताई घरात शिरली तर म्हणाले, "यासाठी शिकवलं तुला?"

ताईला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती खाली बसली. "अण्णा, मी पाया पडत नव्हते. त्यांचे पाय सकाळपेक्षा गार लागत होते म्हणून बघत होते."

"ते तुला ठाऊक. त्या म्हाताऱ्याला काय ठाऊक? त्यानं हात वर केलाच ना!"

"करू दे की. त्यानं मी लहान होत नाही."

अण्णा बरेच दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. तीही हट्टी, तिने पद्धत बदलली नाही आणि माफीही मागितली नाही. आई मध्ये पडून दोघांच्या शिव्या खायची. पुढे कितीतरी वर्षांनी अण्णांनाच ताईच्या रुग्णालयात ठेवायची वेळ आली, फुप्फुसात पाणी झालं होतं. दुसऱ्या सिस्टर आल्या की हा माणूस चादर गळ्यापर्यंत ओढून भिंतीकडे बघायचा. मी रोज संध्याकाळी जायचो, म्हणून मला दिसलं. लांबून ताईच्या चपलांचा आवाज आला की ते हळूच दोन्ही पाय चादरीबाहेर काढून ठेवायचे. ताई पाऊल धरून थोडा वेळ उभी राहायची. त्या दुखण्यातून अण्णा उठले नाहीत, पण आमच्या घरातला तो तंटा तिथे मिटला.

यावरून कुणाला वाटेल की ताईचं कधी चुकायचंच नाही. खूप चुकायचं, आणि ते आम्ही तिला विसरू द्यायचो नाही. डोंबिवलीला आमच्या मावसबहिणीच्या लग्नात तिने आमच्या मामांना जेवणाच्या पंगतीतून उठवून दवाखान्यात नेलेलं. मामांना घाम आला होता, तोंडाचा रंग गेला होता, छातीवर हात होता. ताईने एकदा बघितलं आणि पानावरून उठवलंच. दवाखान्यात सगळ्या तपासण्या झाल्या आणि निघाला गॅस. लग्नघर तिकडे खोळंबलेलं, मुलीच्या पाठवणीला मामा नाहीत, आणि इकडे मामा दवाखान्याच्या बाकावर बसून ताईला शिव्या घालतायत, "जिलेबी पण घेऊ दिली नाहीस गं!" ताई शांतपणे समोरच्या टपरीवर गेली, चहा घेऊन आली. मामांना एक, डॉक्टरांना एक, वॉर्डबॉयला एक, मला एक. स्वतःही घेतला आणि मजेत प्यायली. मामा रागावले होते, त्यांनी कप तसाच ठेवला. तो पण तीच प्यायली.

हा तिचा नेम होता. तिने हाक मारून कुणाला धावत बोलावलं आणि ते खोटं ठरलं, म्हणजे पेशंट ठणठणीत निघाला, की ज्याला बोलावलं त्याला चहा पाजायचा. वॉर्डात तिच्या कपाटात त्यासाठी एक स्टीलचा थर्मास असायचा. "खोट्या हाकेचा चहा" असंच म्हणायचे सगळे. नवे डॉक्टर आधी चिडायचे, मग चहाला सरावायचे. आम्ही तिला चिडवायचो की तुझा अर्धा पगार चहापत्तीत जातो. मला वाटायचं ही तिची एक गंमत आहे, माणसं सांभाळून घ्यायची युक्ती. खरी गोष्ट तिने मला फार उशिरा, निवृत्त झाल्यावर सांगितली. आम्ही दोघं तलावपाळीला बाकावर बसलो होतो, संध्याकाळ होती, समोर पोरं बोटीत बसायला रांगेत उभी होती. कशावरून विषय निघाला आठवत नाही...

कल्याणच्या रुग्णालयात ती अगदी नवी असतानाची गोष्ट. एका बाईंची तब्येत बिघडतेय असं वाटून तिने सर्जनना भरल्या ताटावरून बोलावून घेतलं. ते आले, तपासलं, बाईंना काही झालं नव्हतं. सर्जन फारसं बोलले नाहीत, पण वॉर्डात हसाहस झाली. "आज कुणाला मारतेयस गं निर्मला?" असं दुसऱ्या दिवशी सकाळपासून चालू होतं. त्याच दिवशी दुपारी ऑपरेशन झालेला एक कामगार तिला म्हणाला, "सिस्टर, कसंतरीच होतंय." तिने बीपी घेतलं, चांगलं होतं. नाडी जराशी वाढली होती. पाय मात्र मघापेक्षा गार होते. ती फोनपाशी गेली. रिसिव्हर उचलला, ठेवला. मनात म्हणाली, अजून एकदा बीपी घेऊ, मग करू. पुढच्या वेळी घेतलं तेव्हा ते कोसळलं होतं. आतल्या आत रक्तस्राव होत होता. त्याला पुन्हा ऑपरेशनला घेतलं, पण तो वाचला नाही.

"सर्जन मला रागावले नाहीत रे," ताई म्हणाली. "म्हणाले, बीपी चांगलं असताना मीही थांबलो असतो. आणि ते खरं बोलत होते, माझी समजूत घालत नव्हते. आधी फोन केला असता तर तो वाचलाच असता असंही नाही. पण मी बीपी चांगलं होतं म्हणून थांबले नव्हते ना. आदल्या दिवशी सगळे हसले होते, म्हणून थांबले." मी शेंगांची पुडी तिच्यापुढे केली. तिने एक शेंग घेतली, फोडली नाही. मग म्हणाली, "तेव्हा ठरवलं, हसायचंय ना, हसा. मी चहा देते, पीत पीत हसा. पण फोन करायचा." इतकी वर्षं ज्याची आम्ही टिंगल केली तो चहा हा होता. मला त्या बाकावर बसून रडू आलं. ताई म्हणाली, "गप रे, लोक बघतायत."

ताईचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम विहारात झाला तेव्हा हॉल भरून माणसं आली होती. त्यात डॉक्टर पाटणकरबाई होत्या. शिकाऊ असताना त्या ताईच्या वॉर्डात होत्या, आता कोपरीत आमच्याच गल्लीच्या टोकाला त्यांचा दवाखाना आहे. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सिस्टरांनी मला जेवढ्या खोट्या हाका मारल्या ना, त्यातूनच मला खऱ्या ओळखता यायला लागल्या. आईंचं काही वाटलं तर फोन करा. कधीही." मी मान हलवली, पण मनात म्हटलं, मला काय वाटणार? काही वाटायला आधी काही कळावं लागतं.

निवृत्त झाल्यापासून ताई रोज सकाळी वर्तकनगरहून रिक्षा करून आईकडे यायची. तिचा क्रम मी इतक्या वेळा पाहिला होता की त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आई पलंगावर पाय सोडून बसलेली असायची. ताई आल्याबरोबर टॉवेलने तिचे पाय पुसायची, बोटांच्या मधूनसुद्धा. मला वाटायचं, लाड चाललेत. मग स्टूल ओढून बसायची आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहायची. कुणाची सून आली, कुणाचं भांडण झालं. आई ऐकून घ्यायची आणि थोड्या वेळाने स्वतःच म्हणायची, "लाव आता हात."

ताई गेल्यावर पहिल्याच सकाळी मी तिच्या शब्दाप्रमाणे आईच्या पायाला हात लावायला गेलो, तर आईने पाय झटकन वर घेतले. "तुला काय कळतंय त्यातलं? तुझं आपलं लेथच बरं." तिचं बरोबरच होतं. जन्मात मी कुणाच्या पायाला हात लावला नव्हता, अण्णांच्यासुद्धा नाही. पुढचे दिवस मी चोरासारखं काम केलं. सकाळी ती पडलेली असताना हळूच जायचो, पाऊल धरायचो, परत यायचो. काय बघायचं ते कळत नव्हतं, नुसता रोज हात लावत होतो. मंगल म्हणायची, "अहो, दचकतील त्या!" पण हळूहळू एवढं कळायला लागलं की आईचा डावा पाय उजव्यापेक्षा नेहमीच जरा गार असतो, आणि पांघरुणात दोन्ही कोमट असतात.

परवा एका सकाळी गेलो तर दोन्ही पाय घोट्यापर्यंत गारठलेले. आई डोळे मिटून पडली होती. शेजारी चहा निवला होता, टोस्टला हात लावलेला नव्हता. मी हाक मारली, तर "हं" एवढंच म्हणाली. मंगल म्हणाली, "पंखा चालू होता ना, म्हणून असतील." असतीलही. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. पाटणकरबाईंची दवाखान्याची वेळ व्हायची होती. त्या येणार, बघणार, काही नसणार, आणि म्हणणार, रिटायर झालेत, दुसरा उद्योग नाही. एवढा विचार केला आणि तलावपाळीचा तो बाक आठवला. तिने रिसिव्हर उचलला आणि ठेवला होता. मी फोन लावला.

पाटणकरबाई लगेच आल्या. नाडी, बीपी, छाती, बोटावर चिमटा लावून ऑक्सिजन, सगळं शांतपणे पाहिलं. मी दाराला टेकून उभा. माझेच पाय गार पडले होते. शेवटी त्यांनी स्टेथोस्कोप काढला. "छान आहेत की. पायही आता कोमट लागतायत." मग आईलाच विचारलं, "आजी, चहा का नाही घेतला?"

"टोस्ट मऊ पडलेत," आई म्हणाली.

"आणि मघाशी पाय एवढे गार कसे गं?" मी विचारलं. माझा आवाज जरा चढला होता.

"धुऊन पांघरुणाला पुसले होते. आज जरा उशीर झाला."

"सकाळी सकाळी? कशाला?"

आईने माझ्याकडे बघितलं. "तू येतोस ना रोज हात लावायला. मी झोपलेय असं वाटतं होय तुला? निमा यायची तेव्हा पण धुवायचे मी. पोरांनी धुळीच्या पायांना हात लावायचा म्हणजे काय..."

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. मंगल चहा टाकायला येत होती, तिला म्हटलं, मी करतो. दूध उतू घालवलं, साखर जास्त झाली, डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. कप नेऊन दिला, तर पाटणकरबाईंनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सिस्टर आलं घालायच्या." मग सगळा प्यायल्या. खोट्या हाकेचा चहा. ताईने स्ट्रेचरवरून मला सांगितलेला, त्या दिवशी राहून गेलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवेल घेऊन गेलो. आई पलंगावर पाय सोडून बसली होती, पाय ओले होते. मी ते पुसले, बोटांच्या मधूनसुद्धा. मग स्टूल ओढून बसलो आणि पाय कोमट व्हावेत म्हणून ताईसारखाच बोलायला लागलो. मला कुणाच्या सुना आणि भांडणं ठाऊक नसतात, म्हणून कारखान्यातलंच काहीतरी सांगत राहिलो, एक जुनं मशीन कसं कुरकुरायचं ते. आईला त्यात काडीचा रस नव्हता. तरी तिने ऐकून घेतलं, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "लाव आता हात."